खजुरीच्या पोयीतली एकटी 'गाय'

फेब्रुवारीत अमिरातीतल्या अल ऐनच्या बागांमध्ये माणसं खजुरीवर चढलेली दिसतात. नराच्या पोयीतल्या दोन-चार लडी कापायच्या, मादीच्या पोयीत खोचायच्या, वरून सैल दोरी बांधायची, झालं परागीकरण. खाली उभे असलेले आपले लोक हमखास सांगतात, 'नराचं फूल मुळातच वेगळं, त्यात मादीचं काही नसतं.'

असतं. खजुरीची कळी सुरुवातीला उभयलिंगीच असते. पुढे नरात तीन स्त्रीकेसरदलं खुंटतात, मादीत सहा पुंकेसर. भिंगातून पाहिलं तर हे खुरटलेले अवशेष दिसतातही. शेजारच्या कतारमध्ये, दोह्यात वाइल कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये फक्त नरांकडे असणारी तीन जनुकं दाखवली. त्यांतलं लॉग नावाच्या घराण्यातलं एक स्त्रीकेसर दाबत असावं, असा त्यांचा कयास. या घराण्याचं नाव भातावरून पडलं. तिथे हे जनुक बिघडलं, की फुलात बऱ्याचदा एकच पुंकेसर उरतो, म्हणून 'लोनली गाय', म्हणजे एकटा गडी. देवनागरीत ती गाय हंबरते, त्याला इलाज नाही. या जनुकाचं नेहमीचं काम म्हणजे सायटोकायनिन हे संप्रेरक चालू करून शेंड्यातल्या मूळपेशी टिकवणं.

मूळपेशी फक्त माणसांत नि प्राण्यांत, हाही एक समज. झाडाचा प्रत्येक वाढता शेंडा त्यांच्यावरच चालतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये हे बारकाईनं पाहिलं गेलंय : वुशेल जनुक वरच्या पेशींना 'मूळपेशीच राहा' म्हणतं, त्या पेशी क्लावाटा-३ मार्फत वुशेललाच आवरतात. फुलात अ‍ॅगामस जनुक जागं होतं, तेही वुशेलच्याच मदतीनं, आणि मग वुशेलचाच गळा धरतं. मूळपेशी संपतात, फूल पुरं होतं. अ‍ॅगामस बिघडलं तर फुलात फूल, त्यात पुन्हा फूल.

तिसरा समज ऊतीसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांबद्दलचा. बरही या खजुरीच्या वाणाच्या अशा काही झाडांना तीनऐवजी जास्त स्त्रीकेसरदलांची फुलं आली, फळधारणा फसली, की बोट 'भेसळीच्या रोपां'कडे जातं. पण जनुकाची अक्षरं जशीच्या तशी राहूनही फूल बिघडू शकतं. तेलमाडात २०१५ मध्ये ते सिद्ध झालं : प्रयोगशाळेतल्या वाढीत 'कर्मा' या डीएनए-तुकड्यावरचे मिथाइलचे शिक्के पुसले गेले आणि फुलाचं एक जनुक चुकीचं वाचलं जाऊ लागलं. खजुरीतही हेच घडतं, असं मात्र लगेच म्हणू नये.

परागकण नीट पोचले, तर मादीफुलातल्या तीन दलांपैकी एकाचंच फळ होतं, दोन गळतात. हुकले, तर तिन्ही वाढत राहतात, बिनबियांची, एकमेकांना खेटून.