पोलादाचे कातडे

सोलापूरचा टॉवेल घराघरांत पोहोचला. त्याचे सूत रंगवणाऱ्या यंत्राकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग बसावा म्हणून गरम पाण्यात मीठ घालतात. मिठातले क्लोराइड पोलादाला खाते, म्हणून पंपाचे शाफ्ट स्टेनलेस स्टीलचे असतात. पण हे पोलाद मऊ, बुशमध्ये घासून झिजते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्याला शाफ्टचे ‘प्लाझ्मा नायट्रायडिंग’ करून घ्या, असे मी सुचवले. जर्मनीत बर्नहार्ड बर्गहाउस यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने ती उद्योगांपर्यंत नेली. भट्टीतली हवा काढून नायट्रोजन व हायड्रोजन अगदी विरळ सोडतात. शाफ्टला ऋण टोक, भिंतीला धन टोक, मध्ये काहीशे व्होल्ट. वायूचे आयन होतात आणि शाफ्टवर आदळतात. भट्टीच्या काचेतून पाहिले तर शाफ्टभोवती जांभळट उजेड दिसतो. तो पाहताना माणूस कामाचे विसरतो, हे मी अनुभवाने सांगतो.

स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. तोच गंज रोखतो, आणि तोच नायट्रोजनलाही आत येऊ देत नाही. आयनांचा मारा तो उडवतो. मग नायट्रोजन पोलादात मुरतो. हा मुलामा नव्हे, पोपडे निघायला वर वेगळे काही चढवलेलेच नसते.

शाफ्ट आला तेव्हा त्यावरून कानस घसरत होती. तीन महिन्यांत मात्र तपकिरी ठिपके आणि खड्डे! भट्टी ५२० अंशांवर चालवली होती, आणि तापमान मी विचारलेच नव्हते. साधारण ४५० अंशांच्या वर नायट्रोजन क्रोमियमला धरून बसतो, क्रोमियम नायट्राइड होते आणि ऑक्साइडचा पापुद्रा पुन्हा धरायला पुरेसे मोकळे क्रोमियम उरत नाही. त्याखाली नायट्रोजन लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत नुसता कोंबला जातो; कठीणपणा येतो, क्रोमियम मोकळे राहते. टॉम बेल आणि झांग यांनी १९८५ मध्येच हे प्रसिद्ध केले होते. माझ्या वाचनात ते शाफ्ट गंजल्यावर आले.

कमी तापमानाला वेळ जास्त लागतो, आणि थर मिळतो १०-२० मायक्रॉनचा. नंतर घासून मापात आणायला वाव नाही. म्हणून दुसरा शाफ्ट आधीच पुऱ्या मापाचा करून पाठवला, आणि चिठ्ठीवर व्यासाच्याही आधी तापमान लिहिले: ४२०.