उघड्या रस्त्यावरून गुपित कसं पाठवायचं?

आमच्या गटातल्या एका शिक्षिकेनं गेल्या वर्षी शाळेसाठी इंटरनेटवरच्या एका दुकानातून सूक्ष्मदर्शक मागवला. पैसे सगळ्यांनी वर्गणी काढून जमवलेले. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर कुलपाचं चिन्ह आहे ना, हे बाईंनी नीट पाहिलं होतं. सूक्ष्मदर्शक आलाच नाही. आठवड्याभरात ते दुकानही पडद्यावरून नाहीसं झालं. "पण कुलूप तर होतं ना!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. कुलूप होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मग ते नेमकं कशाचं होतं? हे समजून घ्यायला थोडं गणित करावं लागेल. आठवीच्या वर्गाला झेपेल एवढंच.

वर्गाचे दोन गट करा. एका गटाला ८९ × ९७ हा गुणाकार द्या. दुसऱ्या गटाला ८६३३ या संख्येचे अवयव पाडायला सांगा. (दोन्ही गणितं एकच आहेत हे आधी सांगू नका.) पहिला गट मिनिटाभरात मोकळा होतो. दुसरा गट २, ३, ५, ७, ११ अशा एकेका मूळ संख्येनं भाग देत बसतो. चोविसावा भागाकार ८९ चा, तेव्हा कुठे बाकी शून्य येते. आमच्या वर्गात दुसऱ्या गटानं 'आम्हालाच अवघड गणित दिलं' अशी तक्रार केली. तक्रार रास्त होती. जाताना सोपं आणि उलट येताना अवघड, असं गणित हाताशी नसतं तर इंटरनेटवर दुकानं निघाली नसती.

असं का, ते पाहू. आपण कार्डाचा क्रमांक लिहून पाठवतो तेव्हा तो थेट दुकानात पोचत नाही. संदेशाचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता लिहिला जातो आणि ते वाटेतल्या अनेक संगणकांच्या हातून पुढे सरकतात. हे तुकडे म्हणजे पोस्टकार्डंच. वाटेत कुणीही वाचावीत. तेव्हा मजकूर सांकेतिक करून पाठवणं भाग आहे.

संकेत आपल्याला नवे नाहीत. लहानपणी आपण सगळेच 'च'च्या भाषेत बोललो आहोत. त्यात 'कमल'ची 'चमलक' होते. पण या भाषेची एक गोची आहे. जिला ती बोलता येते तिला ती उलगडताही येते. शिवाय दोन मैत्रिणींना आधी भेटून भाषा ठरवावी लागते. जुन्या काळचे सगळे सांकेतिक लेखनप्रकार असेच होते. कुलूप लावायची आणि उघडायची किल्ली एकच, आणि ती आधीच गुपचूप पोचवलेली असायला हवी. सैन्याला हे जमतं. पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला ज्या दुकानदाराचं तोंडही माहीत नाही, त्याच्याशी किल्ली ठरवायची कशी? किल्ली त्याच रस्त्यानं पाठवली तर तीही वाटेत वाचली जाणार.

१९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक वेगळीच कल्पना मांडली. लावायची आणि उघडायची किल्ली वेगवेगळी का असू नये? दाबलं की बंद होणारं कुलूप आठवा. ते लावायला किल्ली लागत नाही. दुकानदारानं अशी उघडी कुलपं वाटेल त्याला वाटावीत आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. तुम्ही पेटीत चिठ्ठी घालून कुलूप दाबायचं, की झालं. मग ती पेटी तुम्हालाही उघडता येणार नाही!

असं कुलूप आकड्यांचं कसं करायचं, हे १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दाखवलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला आरएसए म्हणतात. (ब्रिटनच्या गुप्त संदेश खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी हेच १९७३ मध्ये शोधलं होतं, पण ते १९९७ पर्यंत कडीकुलपातच राहिलं.) चला, आपणही एक कुलूप करू.

दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा, २ × १० = २०. आता २० शी एकही सामाईक अवयव नसलेली एक संख्या निवडा, समजा ३. मग अशी संख्या शोधा, की तिला ३ नं गुणून २० नं भागलं तर बाकी १ उरेल. ती ७, कारण ३ × ७ = २१. फळ्यावर फक्त ३३ आणि ३ लिहा. हे उघडं कुलूप. ७ ही किल्ली दुकानदाराच्या खिशात.

समजा गिऱ्हाइकाला ४ हा आकडा पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ नं भागलं की बाकी ३१. तारेवरून जातो ३१. दुकानदार ३१ चा सातवा घात काढून ३३ नं भागतो. घाबरू नका, दर पायरीला बाकीच घेत चला. ३१ × ३१ = ९६१, बाकी ४. म्हणजे चौथ्या घाताची बाकी ४ × ४ = १६, सहाव्या घाताची १६ × ४ = ६४ म्हणजे ३१, आणि सातव्याची पुन्हा ३१ × ३१, म्हणजे ४. निघालेला आकडा परत मिळाला. असं का होतं, याचं मूळ सतराव्या शतकातल्या फर्मा यांच्या आणि अठराव्या शतकातल्या ऑयलर यांच्या प्रमेयांत आहे. त्या दोघांपुढे दुकान नव्हतं.

मुलं लगेच इतर आकडे घालून पाहतील आणि कुणीतरी ओरडेल, "१० घातला तर १०च येतो!" खरं आहे. ३३ च्या कुलपात असे नऊ आकडे जसेच्या तसे राहतात. मोठ्या संख्यांत असे आकडे शोधूनही हाती लागत नाहीत. शिवाय प्रत्यक्षात संदेशात आधी काही अंक वाटेल तसे मिसळून मगच कुलूप लावतात. नाहीतर चोरानं एकेक आकडा घालून पाहिला असता.

आता चोराच्या जागी बसा. तुम्हाला ३३ आणि ३ माहीत आहेत. ३३ चे अवयव पाडलेत की २० मिळतात, २० मिळाले की ७ मिळतो. सगळी मदार अवयव पाडता न येण्यावर! १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १२९ अंकी एक संख्या छापली आणि ती फोडणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीस लावलं. त्याला अब्जावधी वर्षं लागतील असा अंदाज होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपून आठ महिन्यांत ती फोडली. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. आज व्यवहारात साधारण ६१७ अंकी संख्या वापरतात. गंमत अशी, की अवयव पाडण्याची सोपी रीत असूच शकत नाही, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. कुणाला सापडलेली नाही, एवढंच. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर त्याला ही रीत सापडलेली आहे. म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं वेगळ्या गणितांवरची कुलपं जाहीर केली.

मोठ्या संख्यांचे घात काढणं संगणकालाही वेळखाऊ. म्हणून या दोन किल्ल्यांच्या कुलपातून फक्त एक तात्पुरती किल्ली पाठवायची आणि पुढचा मजकूर तिनं जुन्या, जलद पद्धतीनं सांकेतिक करायचा, अशी युक्ती नेटस्केप कंपनीनं १९९५ मध्ये आपल्या आज्ञावलीत आणली. त्याच वर्षी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी तिच्यातली फट दाखवली. गणित बरोबर होतं. पण ती तात्पुरती किल्ली यदृच्छेनं निवडण्याऐवजी संगणकाच्या घड्याळावरून आणि अशाच अंदाज बांधता येणाऱ्या दोनेक आकड्यांवरून बनत होती! चोराला कुलूप फोडायचीच गरज नव्हती. आता ही तात्पुरती किल्ली पाठवतच नाहीत. दोन्ही बाजू डिफी-हेलमन यांच्या रीतीनं ती आपापल्या जागी तयार करतात. आरएसएचं काम मुख्यतः सहीपुरतं उरलं आहे.

आणि सहीपाशीच बाईंचा प्रश्न येतो. फळ्यावरचं कुलूप दुकानदाराचंच कशावरून? मधल्या कुणीतरी स्वतःचं कुलूप टांगून ठेवलं तर? त्यासाठी एक तिसरी संस्था 'हे कुलूप या पत्त्याचं आहे' असं सही करून प्रमाणित करते. त्या सह्या ओळखायची सोय आपल्या संगणकात आधीच असते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या अशाच एका संस्थेच्या संगणकांत चोर शिरले, खोटी प्रमाणपत्रं निघाली आणि ती संस्था त्याच वर्षी दिवाळ्यात गेली. पण प्रमाणपत्र खरं असलं तरी ते सांगतं काय? पत्ता त्याच दुकानाचा आहे, एवढंच. तिथे बसलेला माणूस माल पाठवतो की नाही, याबद्दल साधं प्रमाणपत्र अवाक्षर काढत नाही. बाईंचे पैसे वाटेत कुणी लुबाडले नाहीत. ते अगदी सुखरूप, कडेकोट बंदोबस्तात ठगाच्या हाती पोचले.

दुकानात पोचल्यावर कार्डाचा क्रमांक पुन्हा उघडा होतो. म्हणून आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून अशा खरेदीला आणखी एक खूण सक्तीची केली, आणि ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचे क्रमांक साठवायला बंदी केली. कुलपाच्या पलीकडचा हा बंदोबस्त गणिताचा नाही, नियमांचा आहे.

वर्गासाठी एक कोडं. एका दुकानानं ५१ आणि ३ हे आकडे जाहीर केले आहेत. तारेवरून ३७ गेला. गिऱ्हाइकानं कोणता आकडा पाठवला होता? ५१ चे अवयव पाडून किल्ली शोधायची, १ पासून एकेक आकडा घालून पाहायचा नाही.