बायपासचा कागद

बायपास झालेला पेशंट अँजिओग्राफीला आला की टेबलावर घेण्याआधी मी हटकून विचारतो, "काका, ऑपरेशनचा कागद आणलाय?" कुठला ग्राफ्ट कुठे जोडला ते त्यात असतं. कागद नसला की महाधमनीवर शिवलेली तोंडं कॅथेटरच्या टोकाने चाचपडत शोधायची. डाय जास्त जातो, आणि या वयात किडन्या आधीच थकलेल्या.

परवा काकूंनी पिशवीतून तो काढला. चौदा वर्षांपूर्वीचा, घड्यांवर विरलेला. तीन ग्राफ्ट : एक छातीच्या आतल्या धमनीचा, दोन पायातून काढलेल्या शिरेचे.

सरांनी डावं मनगट टोचलं. छातीतली ती धमनी डाव्या हाताच्याच वाटेवर असते. पडद्यावर आधी दिसल्या छातीचं हाड बांधलेल्या तारा, शर्टाच्या गुंड्यांसारख्या एका ओळीत. धमनीचा ग्राफ्ट अजून छान वाहत होता. तो बहुधा टिकतोच. शिरेचे मात्र दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बिघडतात. १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केली आणि असंख्य माणसं जगवली. पण शीर घडलेली असते पायातल्या हलक्या दाबासाठी. धमनीचा दाब वर्षानुवर्षं सोसून तिची भिंत जाड होते आणि आत चीजसारखा भुसभुशीत थर साचतो.

काकांच्या एका शिरेत तसाच अडथळा होता. मूळ रक्तवाहिनी उघडता येत असेल तर जुन्या ग्राफ्टच्या वाटेला जायचं नाही, म्हणून सरांनी ती आधी पाहिली. कॅल्शियमने पार दगड झालेली. मग ग्राफ्टच.

अशा ठिकाणी भीती अडथळ्यापेक्षा त्याच्या चुऱ्याची. बलून फुगवला की कण सुटतात, खालच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसतात, आणि वर नळी मोकळी दिसत असूनही रक्त पुढे सरकत नाही. म्हणून अडथळ्यापलीकडे इवलीशी जाळीची छत्री उघडली. सर म्हणाले, "आधी बलून नको, डायरेक्ट स्टेंट." मी इन्फ्लेटरची मूठ फिरवत आकडे म्हणत गेलो, आठ, दहा, बारा. "दुखतंय हो," काका म्हणाले. मॉनिटरवरची रेघ वर उचलली गेली. वीस सेकंद. या वीस सेकंदांत लॅबमध्ये कुणी बोलत नाही. माझं तर नाक याच वेळी खाजतं, आणि हातात ग्लोव्ह्ज. बलून सोडला. रेघ खाली आली, डाय मात्र आळसावल्यासारखा सरकत होता. ॲडेनोसिन दिलं, छत्री मिटून बाहेर घेतली, तेव्हा कुठे त्याने धाव घेतली.

छत्री मी गॉजवर झटकली. पिवळट कण, ओल्या रव्यासारखे, चिमूटभरसुद्धा नाहीत. एवढंच काकांच्या हृदयात उतरलं असतं.

"झालं?" काकांनी विचारलं. "किती घातल्या?"

"एकच."

स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर मी फाइलवर चिकटवलं, दुसरं काकूंच्या कार्डावर. त्यांनी ते जुन्या कागदाच्या घडीत सरकवलं.

"लॅमिनेट करून ठेवू का हो सगळं?"

"हे दोन करा. ईसीजी नको. तो गरम झाला की काळा पडतो."