जीननियंत्रण, सूक्ष्मजंतूंमधील

परिस्थितीनुसार विशिष्ट जीन (आनुवंशिक एकक) कार्यान्वित होणे वा थांबणे यास जीननियंत्रण म्हणतात. सूक्ष्मजंतूंमध्ये ते मुख्यत्वे डीएनएला जोडल्या जाणाऱ्या प्रथिनांमुळे घडते. या प्रथिनांच्या कार्याची तुलना विजेच्या बटणाशी करतात. एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूत सु. 4,300 जीन असतात. ते सर्व सतत कार्य करू लागले, तर कोशिकेची ऊर्जा व्यर्थ खर्ची पडेल.

दमनक प्रथिने : फ्रान्स्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी 1961 मध्ये या नियंत्रणाची उपपत्ती मांडली. लॅक्टोज शर्करेचे विघटन करणाऱ्या जीनांच्या आरंभी डीएनएवर ‘चालक’ स्थान असते. तेथे दमनक प्रथिन बसले की, जीनाची आरएनए प्रत तयार करणाऱ्या एंझाइमाचा मार्ग अडतो. लॅक्टोज कोशिकेत आल्यावर त्यापासून बनलेला ॲलोलॅक्टोज दमनकाला चिकटतो. त्यामुळे दमनकाचा आकार बदलून ते डीएनएपासून सुटते व जीन कार्य करू लागतात. वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्यूलर-हिल यांनी हे दमनक 1966 मध्ये वेगळे केले.

प्रवर्तक प्रथिने : दुसऱ्या प्रकारची प्रथिने डीएनएला जोडली गेल्यावर जीनास चालना देतात. ग्लुकोज कमी झाल्यावर चक्रीय एएमपी या रेणूशी संयोग पावणारे एक प्रथिन लॅक्टोजच्या जीनांना अशीच चालना देते. म्हणून लॅक्टोज असणे व ग्लुकोज नसणे या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच ते जीन पूर्ण वेगाने कार्य करतात.

स्थानाची ओळख : यांपैकी अनेक प्रथिनांत एका वळणाने जोडलेले दोन सर्पिल भाग असतात. त्यांपैकी एक डीएनएच्या मोठ्या खोबणीत बसतो व दोन धागे विलग न करताच क्षारकांचा क्रम ओळखतो.

उसातील उदाहरण : हवेतील नायट्रोजनाच्या स्थिरीकरणास एका रेणूमागे किमान 16 एटीपी (ऊर्जावाहक) रेणू लागतात. या खर्चिक कार्याचे जीन निफए हे प्रवर्तक प्रथिन सुरू करते. ते जीनाच्या सु. शंभर क्षारकजोड्या अलीकडे डीएनएला जोडले जाते. मधला डीएनए वळून फास तयार होतो व एटीपीच्या साहाय्याने प्रतिलेखनास आरंभ होतो. अमोनिया मुबलक असल्यास निफएची निर्मिती वा क्रिया रोखली जाते.

उसाच्या ऊतकांत राहणारा ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस हा सूक्ष्मजंतू ब्राझीलमध्ये 1988 मध्ये वर्णिला गेला. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तो ‘ॲसिटोबॅक्टर’ या जैव खताच्या रूपाने ऊस उत्पादकांना उपलब्ध केला. शिरूर तालुक्यातील न्हावरे परिसरासारख्या ऊसक्षेत्रांत यूरियाचा वापर सर्वत्र रूढ असल्याने या नियंत्रणास व्यावहारिक महत्त्व आहे. नायट्रोजनयुक्त खताची मात्रा फार वाढल्यास उसातील या सूक्ष्मजंतूंची संख्या घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. अमोनियामुळे स्थिरीकरणाचे जीनही मंदावतात. म्हणून नायट्रोजनाची पूर्ण मात्रा देऊन वर जैव खत वापरल्यास त्याचा अपेक्षित लाभ मिळत नाही. मृदापरीक्षणानुसार रासायनिक मात्रा कमी केली, तरच हे सूक्ष्मजंतू आपले कार्य करू शकतात.