पोटात घालणे आणि पांघरूण घालणे

25 फेब्रुवारी 1995. मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरकडे निघालेली बस. वाटेत एक तरुण खाली उतरला, रस्त्याकडेला त्याने नारळ फोडला आणि परत चढून प्रवाशांना खोबऱ्याचे तुकडे वाटू लागला. बसमध्ये सिस्टर राणी मारिया बसल्या होत्या. आज एवढा आनंद कसला, असे त्यांनी सहज विचारले. उत्तरादाखल त्याने सुरा काढला. पन्नासहून अधिक जखमा झालेला त्यांचा देह रस्त्याकडेला पडून राहिला. बस भरलेली होती, पण आडवे कोणी आले नाही.

राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. वय 41. उदयनगर परिसरातल्या आदिवासींना त्या बचतीची सवय लावत, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना मिळवून देत. दारात बँक आली की सावकाराचा धंदा बसतो. त्या सावकार-जमीनदारांनीच आपल्याला भरीला घातले, असे मारेकरी समुंदरसिंग पुढे सांगत आला. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. भरीला घालणारे नामानिराळे राहिले, या रागाने तो तुरुंगात धुमसत होता. सुटल्यावर त्यांचाच काटा काढायचा, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

गोष्ट इथे संपली असती, तर ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची आणखी एक बातमी ठरली असती.

तुरुंगातली राखी

इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटायला एक भगव्या वस्त्रातले कॅथलिक धर्मगुरू येऊ लागले. लोक त्यांना स्वामी सदानंद म्हणत. पहिल्या भेटीत काही चमत्कार घडला नाही. ते येत राहिले, बसत राहिले, ऐकत राहिले. मग 2002च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या दिवसांत, राणी मारियांची धाकटी बहीण तुरुंगात आली. तीही त्याच संघातली, सिस्टर सेल्मी पॉल. तिने समुंदरसिंगच्या मनगटावर राखी बांधली. याच हाताने तिच्या बहिणीवर वार केले होते.

राखी ख्रिस्ती सण नव्हे. पण त्या क्षणी तुरुंगातल्या शिपायापासून कैद्यापर्यंत सगळ्यांना कळेल अशी दुसरी भाषा कोणती होती? ‘मी तुला क्षमा केली’ हे वाक्य हवेत विरून जाते. राखीने नाते जडते, आणि नाते म्हटले की ते पुढे निभवावे लागते.

हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली, हेही विसरू नये. क्षमेच्या गोष्टी सांगताना आपण ही मधली वर्षे गाळून टाकतो.

भेटीला अट नाही

गुन्हेगाराविषयीच्या या ओढीचे मूळ मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात सापडते. तिथे येशू अखेरच्या न्यायाचे चित्र रंगवतो. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि बंदिवानाची भेट या सहा गोष्टी जो करतो, त्याने त्या प्रत्यक्ष आपल्यासाठीच केल्या, असे तो सांगतो. यात बंदिवान निर्दोष असावा, अशी अट कुठेच नाही. भुकेल्याला जेवू घालताना आपण त्याच्या चारित्र्याचा दाखला मागत नाही. बंदिवानालाही तोच न्याय.

पुढे चर्चने या यादीत मृतांना मूठमाती देण्याची भर घालून दयेची सात कृत्ये ठरवली. ‘कृत्ये’ हा शब्द मोलाचा आहे, कारण यादीत मनाच्या अवस्थेला जागा नाही. उठून जाणे आणि समोर बसणे एवढेच सांगितले आहे. आपल्याकडे येरवड्यात किंवा ठाण्याच्या कारागृहात अशा भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. कितीतरी कैद्यांना आठवडेच्या आठवडे मुलाखत येत नाही. 2022च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. ‘तुरुंगात आहे म्हणजे गुन्हेगारच’ हे आपले समीकरण तिथेच डळमळते. 1981 साली केरळमध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’चे स्वयंसेवक आज देशभरातल्या तुरुंगांत जातात, ते याच मुलाखतीच्या बळावर.

माफी आणि मोकळीक

इथे वाचकाच्या मनात शंका येणारच. असे सगळ्यांना माफ करत सुटले तर कायद्याचे काय?

उत्तर ओडिशात मिळते. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केले. खटला चालला. मुख्य आरोपी दारासिंगला आधी फाशी, मग उच्च न्यायालयात जन्मठेप झाली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ग्लॅडिस बाई त्या निकालांच्या आड आल्या नाहीत. बारीपद्याच्या कुष्ठाश्रमाचे काम मात्र त्यांनी काही वर्षे तसेच चालू ठेवले. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शिक्षा कमी करण्याचा अधिकार पीडित कुटुंबाला नसतोच. तो सरकारचा, आणि घटनेच्या कलम 161 नुसार राज्यपालांचा. आपली हरकत नाही, एवढेच कुटुंब सांगू शकते. राणी मारियांच्या घरच्यांनी ते लेखी सांगितले आणि 2006 मध्ये, सुमारे 11 वर्षांच्या कैदेनंतर, समुंदरसिंग सुटला.

पांघरूण

मराठीत ‘अपराध पोटात घालणे’ असा वाक्प्रचार आहे आणि ‘गुन्ह्यावर पांघरूण घालणे’ असाही. बोलताना दोन्ही जवळचे वाटतात, पण त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. ख्रिस्ती करुणेच्या इतिहासात दोन्ही सापडतात, आणि हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

इंदूरच्या तुरुंगात राखी बांधली गेली, त्याच 2002 सालात बॉस्टनच्या ‘ग्लोब’ या वर्तमानपत्राने मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंची प्रकरणे उघडकीला आणली. वरिष्ठांना ती ठाऊक होती. आरोपीला दुसऱ्या चर्चमध्ये हलवायचे, पुन्हा संधी द्यायची, असे वर्षानुवर्षे चालले होते. डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलना पायउतार व्हावे लागले. दया तिथेही होती, पण ती दाखवत होते ज्यांना जखम झालीच नव्हती असे लोक. आणि तिची किंमत मोजत होती मुले.

फरक ओळखायची खूण साधी आहे. पोटात घालायचा हक्क ज्याला लागले त्याचाच, आणि तोही त्याला वाटेल तेव्हा. एखाद्या मारहाण झालेल्या बाईला ‘आता माफ करून टाक’ म्हणणारा शेजारी पांघरूणच विणत असतो.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी वाचकाला ‘सुबोध बायबल’ आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यांमुळे माहीत आहेत. करुणेवर भरभरून लिहिणारा हाच धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत गुंडगिरी आणि जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध उभा राहिला. गुन्ह्याला गुन्हा म्हणण्याचे धैर्य नसेल, तर क्षमा करायला उरतेच काय?

पुल्लुवळीचे घर

सुटल्यावर काही महिन्यांत, 2007 मध्ये, समुंदरसिंग केरळला गेला, राणी मारियांच्या आईवडिलांच्या घरी. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. या हातांवर माझ्या मुलीचे रक्त आहे, अशा अर्थाचे काहीतरी ती म्हणाली. म्हणजे त्या हातांनी काय केले, हे ती क्षणभरही विसरली नव्हती.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये चर्चने राणी मारियांना ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले. तो सोहळा हजारोंनी पाहिला. पुल्लुवळीच्या घरात मात्र मोजकीच माणसे होती. त्या घरात कोणी कशावर पांघरूण घातले नाही. मराठीत मूल आणि अपराध, दोन्ही पोटातच असतात. त्या आईच्या पोटात दोन्हींना जागा झाली.