ताऱ्यांच्या उजेडात उडणारा भुंगा

मधमाशी म्हटली की पोळे, राणी आणि हजारो कामकरी माश्या हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वास्तविक जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुतेकींना ना पोळे असते, ना राणी. प्रत्येक मादी आपले घरटे आपणच बांधते आणि आपल्या संततीची शिदोरी आपणच गोळा करते. नागपूर-वर्ध्याच्या मळ्यांतून अथवा भिलाईच्या नेहरू नगरातील बागांतून गुणगुणत जाणारा काळाभोर, धष्टपुष्ट भुंगा हा याच एकांतप्रिय माश्यांच्या गोतावळ्यातला होय. शास्त्रज्ञांनी त्याला झायलोकोपा, म्हणजे लाकूडतोड्या, असे ग्रीक नाव दिले आहे.

१२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहाला या भुंग्याचा दृष्टांत दिला आहे : कोरडे काष्ठ लीलया पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. त्यातील ‘कोरडे’ हे विशेषण निरीक्षणाच्या दृष्टीनेही अचूक आहे. भुंग्याची मादी आपले बीळ सामान्यतः वाळलेल्या, मृत लाकडातच कोरते. ती लाकूड खात नाही. जबड्यांनी खरवडून निघालेला भुसा ती बाहेर टाकते, आणि त्याच भुशापासून पुढे बिळातील पडदे रचते. परागकण व मधुरस यांचा एक गोळा, त्यावर एक अंडे, मग भुशाचा पडदा, पुन्हा गोळा, पुन्हा अंडे, अशी खोल्यांची ओळ लागते. अंडी थोडीच असतात. परंतु त्यांची गणना कीटकांतील सर्वांत मोठ्या अंड्यांत होते. जुनी बिळे पुढच्या पिढ्याही वापरतात, म्हणून मृत झाडाचा एखादा खोड-बुंधा म्हणजे या कुळाची वडिलोपार्जित वास्तूच म्हणावी लागेल.

या कुळातील सर्वांत विलक्षण जात सह्याद्रीत, भीमाशंकरच्या अरण्यात अभ्यासली गेली. तिचे नाव झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. तमिळनाडूतील तरंगंबाडी या बंदराच्या जुन्या युरोपीय नावावरून ते पडले आहे. ही माशी रात्री उडते. चांदण्या रात्री उडणाऱ्या माश्या आणखीही आहेत. आग्यामाशी चंद्र अर्ध्याहून मोठा असला तर बाहेर पडते. ट्रँक्वेबारिका मात्र अमावास्येच्या रात्रीही आपले काम थांबवीत नाही.

ही गोष्ट सहज पटण्यासारखी नव्हे. पतंगांच्या संयुक्त नेत्रांत अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकत्र होतो, म्हणून त्यांना अंधारात दिसते. माशीच्या नेत्रात प्रत्येक भिंगाचा प्रकाश त्याच्यापुरताच राहतो. अशी रचना दिवसाकरिता उत्तम, पण रात्री अपुरी ठरावयास हवी. या जातीने नेत्र मोठे व भिंगे रुंद करून ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात घरट्यापाशी रंगीत खुणा मांडून त्यांच्या जागा बदलण्यात आल्या. ताऱ्यांच्या उजेडात माणसाला सर्वच वस्तू करड्या दिसतात. त्याच उजेडात ही माशी खुणेचा रंग ओळखून घर शोधीत असल्याचे आढळून आले.

सोमनाथन व बोर्जेस यांनी त्यापूर्वी, २००१ साली, तिच्याच एका भगिनी जातीचे कार्य उजेडात आणले होते. वारस या वृक्षाची मोठी फुले रात्री उमलतात, आणि त्यांचे परागण झायलोकोपा टेनुइस्कापा हा भुंगा करतो. भुंगा नसेल, तर फळ धरण्याची वारसाची आशाही मोठ्या प्रमाणात मावळेल. दिवसा उडणाऱ्या भुंग्यांचे उपकार शेतापर्यंत पोहोचतात. वांग्याच्या फुलातील परागकोश टोकाच्या छिद्रांतूनच पराग सोडतो. भुंगा फुलाला घट्ट धरून शरीर थरथरवितो आणि पराग झाडून घेतो. पोळ्यातील मधमाशीला ही कला अवगत नाही.

या भुंग्यांपुढचे मोठे संकट म्हणजे आपली टापटिपीची आवड. वठलेले झाड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडले जाते, पडलेली फांदी सरपणात जाते, वाशातील भोकात विषारी औषध ओतले जाते. भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु शेकरूला उभे, हिरवे झाड लागते, तर भुंग्याला मेलेले. सह्याद्रीतील अनेक देवरायांत पडलेले लाकूडही घरी न नेण्याची रूढी आहे, आणि तिचा लाभ या मुक्या लाकूडतोड्यांना आपोआपच मिळत आला आहे. गावात वा शाळेच्या आवारात हेच काम वठलेली एक फांदी राखून होऊ शकते. काही जाती पोकळ बांबूतही घरटे करतात. एका बाजूचे पेर बंद राहील असे वाळलेले तुकडे कापून, ते आडवे आणि पावसाचे पाणी शिरणार नाही अशा बेताने वळचणीला बांधावेत. मादी नांगी बाळगते, पण हातात धरून त्रास दिल्याखेरीज ती सहसा डसत नाही. तोंडासमोर येऊन धमकावणाऱ्या नराला तर नांगीच नसते.