थंडीतील ऊब आणि बंद खोलीतील धोका

दख्खनच्या पठारावरील हिवाळा कोरडा आणि निरभ्र असतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आकाश मोकळे असल्याने आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि पहाटेच्या सुमारास पारा सर्वांत खाली येतो. पुण्याचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान ११ ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुण्यातील आजवरच्या नीचांकी तापमानाची नोंद १७ जानेवारी १९३५ ची असून त्या दिवशी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात पसरलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातही नदीकाठची धुक्याची सकाळ बोचरी असते.

शीत प्रदेशांतील घरांप्रमाणे येथील घरांत खोल्या गरम ठेवण्याची यंत्रणा नसते. येथे ऊब म्हणजे प्रामुख्याने स्नानाचे गरम पाणी, अंगावरची गोधडी आणि क्वचित शेगडी. म्हणूनच ऐन थंडीत गिझर बंद पडला म्हणजे कुटुंबाचा दिनक्रमच विस्कळीत होतो. पहिल्या पाळीला निघालेला कामगार, शाळेत जाणारी मुले, घरातील वृद्ध व तान्हे मूल या सर्वांची गरज एकाच घटकेला उभी राहते. अशा घाईत जो पर्याय शोधला जातो तोच पुष्कळदा थंडीपेक्षा अधिक घातक ठरतो. या पर्यायांपैकी निर्धोक कोणते व प्राणघातक कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने थंडीपूर्वीच जाणून घेणे आवश्यक आहे.

बंबाकडून गिझरकडे

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि या भागाच्या औद्योगिक विकासाला चालना मिळाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या परिसरात वाहन उद्योग विस्तारला.

या काळात घरोघरचे पाणी तापविण्याचे साधनही बदलले. तांब्याचा बंब अंगणात किंवा मोकळ्या न्हाणीत असे. त्याच्या मधल्या नळीत लाकूड व गोवऱ्या जळत आणि धूर उघड्यावर निघून जाई. आता घर बहुमजली इमारतीतील सदनिकेत आले, न्हाणीघर लहान व बंदिस्त झाले, खिडकी काचेने झाकली गेली. इंधन मात्र काही घरांत आतच जळू लागले. अंगणात निर्धोक असलेली ज्वाला बंद खोलीत तशी राहत नाही, हा धडा नव्या घरबांधणीने नव्याने शिकावयाचा आहे.

ज्वालेला हवा लागते

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गॅस गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. त्याच्या पूर्ण ज्वलनासाठी दर दहा मिनिटांस सुमारे २ घनमीटर हवेतील सर्व प्राणवायू लागतो. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच सुमारे साडेचार घनमीटर असते. दार लावून, खिडकी मिटून दोघे-तिघे पाठोपाठ स्नान करू लागले, तर ज्वालेचा आणि माणसाचा प्राणवायू एकाच छोट्या साठ्यातून खर्च होतो.

प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अपूर्ण राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. परंतु गॅस जळताना तो वासही जळून जातो. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक ओढीने कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असतानाही मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या विषबाधेचे स्वरूप उलगडले. दक्षिण कोरियात कोळशाच्या वड्यांवर घरे तापविली जात, त्या दशकांत या वायूने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतही गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वाचावयास मिळतात.

शेगडी आणि घमेल्यातील निखारे

औद्योगिक पट्ट्यातील गावांतून कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. अनेक खोल्यांना पत्र्याचे छप्पर असते. पत्रा रात्री लवकर गार होतो. एका खोलीत चार-सहा जण राहतात आणि त्यांपैकी बरेच जण परप्रांतातून अथवा मराठवाडा-विदर्भातून आलेले असतात. बाहेर पेटविलेल्या शेकोटीतील निखारे घमेल्यात भरून आत आणणे आणि दाराखालची फट पोत्याने बंद करून झोपणे, हा त्यांना सोपा व स्वस्त उपाय वाटतो.

निखारे लाल दिसत असताना धूर होत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. वस्तुतः मंद जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात सोडतो. झोपेत डोकेदुखीची जाणीव होत नाही, आणि झोपलेला मनुष्य जागा होत नाही. यास्तव निखाऱ्याची शेगडी, शेकोटीचे घमेले, अथवा गॅसची चूल खोली तापविण्यासाठी बंद जागेत कधीही वापरू नये. शेकून घ्यावयाचे तर उघड्यावर शेकावे, आणि निखारे पाण्याने पूर्ण विझवूनच आत यावे.

विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, छातीत धडधड, पायांतील शक्ती गेल्यासारखे वाटणे ही आरंभीची लक्षणे होत. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना ती जाणवली, अथवा बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर ती कमी झाली, तर संशय बळावतो. न्हाणीघरातील व्यक्तीने हाकेला ओ दिली नाही तर क्षणाचाही विलंब न लावता दार उघडावे किंवा तोडावे.

प्रथम दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, आणि रुग्णास मोकळ्या हवेत आणावे. बेशुद्ध परंतु श्वास चालू असलेल्या रुग्णास कुशीवर निजवावे, तोंडात पाणी घालू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘खोलीत गॅस गिझर चालू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र या विषबाधेत फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हीमोग्लोबिनही ते प्राणवायूयुक्त समजते व आकडा उत्तम दाखविते. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास हाच काळ एक ते दीड तासावर येतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर समाधान न मानता रुग्णालय गाठावे.

गिझर बंद पडला असता

विजेचा गिझर चालू होत नसेल तर प्रथम घरातील इतर वीज आहे काय, आणि गिझरचा स्वयंचलित खटका पडला आहे काय, ते पाहावे. खटका एकदा वर करून तो पुन्हा पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नये. आतील तापक दांड्यातून वीज बाहेर झिरपत असण्याची ही खूण आहे. नळाला हात लावल्यास झिणझिण्या आल्या तर मुख्य खटका बंद करावा आणि जाणकार तंत्रज्ञास बोलवावे. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या कठीण पाण्यामुळे तापक दांड्यावर क्षारांचा थर साचतो, पाणी उशिरा तापते व दांडा जळतो. थंडीपूर्वी एकदा सफाई करून घेतल्यास हा बिघाड बहुधा टळतो.

पाण्यात सोडावयाची विजेची कांडी वापरणे भाग पडल्यास भूसंपर्क असलेलाच प्लग वापरावा, कांडी पाण्यात बुडविल्यावरच खटका लावावा, आणि खटका बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका बसविलेला असणे हे सर्वांत चांगले संरक्षण होय.

सर्वांत सोपा व निर्धोक उपाय स्वयंपाकघरातील चुलीवर, खिडकी उघडी ठेवून, झाकण घातलेल्या पातेल्यात पाणी तापविणे हाच आहे. ४ लिटर उकळते पाणी ८ लिटर गार पाण्यात मिसळले की सुमारे ४४ अंशांचे १२ लिटर पाणी मिळते. एका माणसाच्या स्नानास ते पुरेसे आहे. मात्र बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग उकळते ओतावे, आणि कढत पातेले मुलांच्या वाटेतून नेऊ नये.

वृद्ध व आजारी व्यक्तींनी अशा दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसून घेतले तरी चालते. नवजात बालकास तर पहिले २४ तास स्नान घालूच नये. आईच्या अंगाशी धरून पांघरूण घालणे हीच त्याची उत्तम ऊब होय. इतरांनी एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत, जमिनीवर पोते अंथरून त्यावर गोधडी किंवा घोंगडी घालावी, डोके व पाय झाकावेत.

गॅस गिझर बसविताना

गॅस गिझर न्हाणीघरात नव्हे, तर उघड्या सज्जात किंवा मोकळ्या बाजूस बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. आधीच आत बसविलेला गिझर असेल तर तो तेथून हलविणे हाच खरा उपाय. ते होईपर्यंत बादली भरून घेऊन, गिझर बंद करून, दार-खिडकी काही वेळ उघडी ठेवून मगच स्नानास जावे. पिवळी ज्वाला किंवा काजळी दिसली तर वापर तत्काळ थांबवावा. गळतीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. ज्वलनानंतरचे उष्ण वायू वर जातात. म्हणून खाली व वर अशा दोन्ही ठिकाणी कायम उघडे झरोके हवेत. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

हे काम एकट्या कुटुंबाचे नाही. गृहनिर्माण संस्थांनी दिवाळीच्या सुमारास प्रत्येक सदनिकेतील गिझर कोठे बसविला आहे हे पाहावे. घरमालकांनी भाड्याच्या खोल्यांना बंद न होणारे झरोके ठेवावेत. कारखान्यांनी आणि कंत्राटदारांनी नव्या कामगारास सुरक्षेचे जे पाठ द्यावयाचे, त्यांत खोलीतील निखाऱ्यांचा धोका त्याच्या भाषेत सांगावा. कारखान्यात विषारी वायूपासून जपणारा कामगार घरी झोपेत त्याच वायूला बळी पडू नये, यासाठी लागणारा खर्च एका उघड्या खिडकीएवढाच आहे.